रस्ता भारी, पण थांबायचं कुठे?

गणपती जवळ आले की आमच्या फॅमिली ग्रुपवर मुंबई-गोवा हायवेचं भांडण सुरू होतं, दरवर्षी तेच. एक पार्टी म्हणते २०११ पासून काम चालूय, तारीख पे तारीख, आमची कंबर गेली. दुसरी पार्टी समृद्धीचे ड्रोन व्हिडिओ टाकते, ७०१ किलोमीटर, मुंबई ते नागपूर आठ तासांत, बघा महाराष्ट्र कुठे पोचलाय. मग पुण्याचा पुतण्या गडकरींचं ते नेहमीचं वाक्य टाकतो, केनेडींच्या नावावर खपणारं, की अमेरिका श्रीमंत आहे म्हणून रस्ते चांगले नाहीत, रस्ते चांगले म्हणून अमेरिका श्रीमंत. आणि शेवटी मला टॅग, "काकू, तुम्ही तिकडे एवढ्या फिरता, तुम्हीच सांगा कोणाचं बरोबर."

आता ग्रुपवर एवढं सगळं टाईप करणं होत नाही म्हणून इथे लिहितेय.

आम्ही शिकागोजवळ राहतो. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलं, कूलर, राइस कुकर, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सासू-सासरे आलेले असतील तर ते, असं सगळं व्हॅनमध्ये कोंबायचं आणि पश्चिमेला सुटायचं हा आमचा ठरलेला उद्योग. सगळ्यात लक्षात राहिलेली ट्रिप म्हणजे आय-नाइंटी हायवेवरून यलोस्टोन नॅशनल पार्कला गेलो ती. विस्कॉन्सिन, मग ला क्रॉसला मिसिसिपी ओलांडली, मिनेसोटा आणि मग साउथ डकोटा, जे संपता संपत नाही. दोन्ही बाजूला मका, मग गवत, मग नुसतंच गवत. स्पीड लिमिट ताशी ८० मैल, म्हणजे जवळजवळ १३० किलोमीटर, आणि अर्ध्या राज्यात पोचलं की घड्याळ एक तास मागे, त्यामुळे सासरे सारखे विचारत होते की मग गोळी आत्ता घ्यायची की नंतर.

या रस्त्यावर करमणूक म्हणजे वॉल ड्रगच्या पाट्या. वॉल नावाच्या छोट्याशा गावातलं हे औषधाचं दुकान, १९३१ मध्ये घेतलं तेव्हा गिऱ्हाईक फिरकत नव्हतं म्हणून १९३६ साली मालकाने हायवेवर पाट्या लावल्या, बर्फाचं पाणी फुकट. बस्स. आज त्या दुकानाचा अख्खा बाजार झालाय आणि शेकडो मैल आधीपासून पाट्या सुरू होतात, पाच सेंटला कॉफी, आलंच जवळ, अजून थोडंच. मुलांनी पाट्या मोजायची शर्यत लावली आणि भांडण करून सोडून दिली. सासऱ्यांना मात्र एका गोष्टीचं फार कौतुक, पाणी फुकट दिलं आणि कोट्यधीश झाला.

पण मला सांगायचंय ते सासूबाईंच्या पाण्याबद्दल.

त्यांचं माहेर-सासर दोन्ही सावंतवाडीकडचं, आयुष्यभर मुंबई-कोकण एसटीने आणि नंतर गाडीने. प्रवास म्हटलं की आदल्या रात्रीपासून त्यांचं पाणी बंद. कोणी सांगायला लागत नाही, सवयच. मी स्वतः लग्नानंतर पहिल्या गणपतीला तेच केलं, त्यांनीच हळूच सांगितलं होतं, "जास्त पिऊ नको गो, वाटेत काही नाही." आपल्याकडच्या प्रत्येक बाईला हे गणित तोंडपाठ असतं, पुरुषांना विचारा, त्यांना असं काही गणित आहे हेच माहीत नसतं. तर साउथ डकोटातही बाई तशाच बसलेल्या, ओठ सुकलेले, बाहेर रणरणतं ऊन, मी बाटली पुढे करतेय आणि त्या "नको, आत्ताच प्यायले" म्हणतायत, जे साफ खोटं होतं.

मग चेंबरलेनचा रेस्ट एरिया आला, म्हणजे हायवेच्या कडेची थांबायची सरकारी जागा. खाली मिसुरी नदी, वर टेकडीवर पार्किंग, स्वच्छ टॉयलेट, लुईस आणि क्लार्कच्या मोहिमेचं छोटं म्युझियम आणि बाहेर ५० फुटी स्टीलचा पुतळा, इथल्या मूळ रहिवाशांच्या लाकोटा-डकोटा संस्कृतीचा मान म्हणून उभा केलेला, पाठीवर चांदण्यांची गोधडी घेतलेली बाई. तिकीट नाही, काही विकत घ्यायची सक्ती नाही, "कस्टमर ओन्ली" नाही. सासूबाई आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, कागद होता, साबण होता, कडीसुद्धा लागत होती. कडी! मग त्यांनी नकाशा बघितला, पुढचा रेस्ट एरिया कुठे आहे ते मला वाचायला लावलं आणि तिथून पुढे थर्मासमधला चहा मागून घेतला. अर्ध्या दिवसात पहिल्यांदा.

मला अमेरिकेच्या रस्त्याचं काय घ्यावंसं वाटतं विचाराल तर हेच. काँक्रीट नाही, आठ लेन नाही, ८० चा स्पीड तर नाहीच.

आणि हे आपोआप झालेलं नाही, कायद्यात लिहिलंय म्हणून झालंय. आयझेनहॉवर १९१९ मध्ये तरुण अधिकारी असताना लष्कराच्या ताफ्याबरोबर वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला गेले, ६२ दिवस लागले, चिखलात गाड्या रुतल्या, पूल मोडले. मग राष्ट्राध्यक्ष झाल्यावर इंटरस्टेट, म्हणजे राज्याराज्यांना जोडणारे हायवे बांधायचा १९५६ चा कायदा, ९० टक्के खर्च केंद्राचा, तोही मुख्यतः पेट्रोलवरच्या करातून. त्यात एक गंमत आहे, इंटरस्टेटच्या हद्दीत पंप आणि हॉटेलं काढायला बंदी. म्हणजे हायवेवर ठेका देऊन फूडमॉल उभा करायची सोयच नाही (जुने टोलरोड सोडून). त्यामुळे झालं असं की पंप, हॉटेल सगळं एक्झिटला गावाजवळ गेलं, तिथे त्यांच्यात मारामारी म्हणून टॉयलेट बरी ठेवावी लागतात, आणि हायवेवर उरले ते सरकारी रेस्ट एरिया, ज्यात विकायला फक्त मशीनमधले चिप्स-कोक, आणि ती मशीनं चालवायचा पहिला हक्क अंध विक्रेत्यांना. एक्झिटच्या आधी निळी पाटी, कुठला पंप, कुठलं खाणं, कुठलं मोटेल सगळं लोगोसकट. सगळं आलबेल आहे असं नाही, पैसे नाहीत म्हणून काही राज्यांनी रेस्ट एरिया बंदही केलेत आणि रात्री ट्रकवाल्यांना पार्किंग मिळत नाही ही कायमची बोंब.

आपल्याकडे याच्या उलट. समृद्धी डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा वेगाचे आकडे सगळ्यांना पाठ होते पण मैलोनमैल धड थांबायची जागा नव्हती. जुलै २०२३ ला सिंदखेड राजाजवळ बस जळून २५ माणसं गेली, तेव्हा टीव्हीवर रस्ता संमोहनाच्या चर्चा सुरू झाल्या, सरळ रस्ता, डोळा लागतो वगैरे. अहो, सरळ रस्ता बघायचा तर साउथ डकोटात या! डोळा इथेही लागतो. म्हणून तर कडेला खाचा पाडलेल्या असतात, चाक गेलं की अख्खी गाडी गुरगुरते आणि मागे झोपलेली पोरं रडत उठतात. आणि म्हणूनच थांबायची जागा लागते. थांबणं ही चैन नाही, सेफ्टीचा भाग आहे, पण "मी नॉनस्टॉप आलो" याचा आपल्याकडे (आणि खरं तर आमच्या घरातही, नवऱ्याचं नाव घेत नाही) केवढा अभिमान.

आता पहिल्या, कंबर गेलेल्या पार्टीला, म्हणजे "तिकडे सगळं भारी, इकडे सगळं बकवास" वाल्यांना.

एक. इंटरस्टेटचं काम बारा-तेरा वर्षांत संपायचं होतं, मूळ आराखडा पूर्ण झाला १९९२ मध्ये. ३६ वर्षं! शेवटचा तुकडा कोलोरॅडोतल्या ग्लेनवूड कॅनियनचा, जेमतेम बारा मैल, दरी फोडायची की नाही यावर लोक वर्षानुवर्षं भांडले आणि शेवटी दरीला धक्का कमी लागेल असे खांबांवर पूल बांधत रस्ता नेला. परशुराम घाट उभा कापून दर पावसात दरड अंगावर घेणाऱ्यांनी हा तुकडा जरूर बघावा, पण "अमेरिकेत वेळेत होतं" असं म्हणू नये.

दोन. मिनिॲपोलिसला मिसिसिपीवरचा पूल १ ऑगस्ट २००७ ला पडला, १३ माणसं गेली, नवा पूल साधारण तेरा महिन्यांत सुरू झाला आणि त्याचं इथे फार कौतुक झालं. आपल्या मुंबई-गोवा हायवेवरचा महाडचा सावित्रीचा पूल २ ऑगस्ट २०१६ ला वाहून गेला, नवा जून २०१७ मध्ये सुरू. दहा महिने. म्हणजे त्याच हायवेवर, त्याच खात्यांना, मनात आलं तर जमतं. मला याचा जास्त राग येतो.

तीन. अपघात. भारतात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, भयानक आकडा आहे. अमेरिकेत वर्षाला ४० हजारांच्या आसपास जातात, पण इथली लोकसंख्या चौतीस कोटींच्या आतबाहेर. भागाकार करून बघा, लाखामागे दोन्हीकडे बाराच्या जवळपासच येतात. हे मी ग्रुपवर टाकलं तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. आता गाड्या इथे कितीतरी पट जास्त आणि माणशी चालवणंही जास्त, त्यामुळे तुलना पूर्ण सरळ नाही, पण दुधासाठीसुद्धा गाडी काढायला लावणारी व्यवस्था माणसं मारते हे खरंय. २०२४ संपेपर्यंत आपले रस्ते अमेरिकेच्या तोडीचे होतील असं गडकरी २०२२ मध्ये संसदेत म्हणाले होते. श्रीमंत देशांमध्ये या बाबतीत अमेरिका मागच्या बाकावर आहे, तोडीचं व्हायचं तर दुसरा कोणी शोधा.

आणि रस्ता सगळ्यांचा कधी होता? त्या ट्रिपमध्ये रात्री उशिरा एका मोटेलला पोचलो, काउंटरवर गुजराती काका, सासूबाईंची नऊवारीची गाठोडी बघून त्यांनीच मसाला चहा आणून दिला. (देशातली निम्म्याहून जास्त हॉटेलं आपल्या लोकांच्या हातात आहेत, बहुतेक गुजराती. खोलीत फोडणी दिली की अलार्म वाजतो हे त्यांना सांगावं लागत नाही, ते आधीच खिडकी उघडायला सांगतात.) पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी काळ्या कुटुंबाला अशी खोली मिळेल याची खात्री नव्हती. व्हिक्टर ग्रीन नावाच्या न्यूयॉर्कच्या पोस्टमनने १९३६ पासून एक पुस्तिकाच काढली, कुठल्या गावात कुठलं हॉटेल, कुठला पंप काळ्या माणसाला दारात उभं करतो त्याची यादी, साठच्या दशकापर्यंत ती निघत होती. पंपावर पेट्रोल विकायचे पण टॉयलेट वापरू द्यायचे नाहीत, म्हणून लोक डिकीत डबा ठेवायचे. हे मी वाचलं तेव्हा मला आमच्या सासूबाईंची सुकलेली जीभ आठवली. रस्ता कोणासाठी बांधलाय हे वेगाने नाही कळत, वाटेत कोणाला थांबता येतं त्यावरून कळतं.

माउंट रशमोरलाही हेच. चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला तो डोंगर लाकोटांचा, १८६८ च्या तहात लिहून दिलेला, मग सोनं सापडलं आणि काढून घेतला. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने भरपाई मंजूर केली, लाकोटांनी पैसे आजतागायत उचललेले नाहीत, जमीन हवी म्हणतात. सासरे रिटायर्ड मास्तर, गाडीत बसेपर्यंत त्यांचं चालू होतं, "मग देत का नाहीत?" मुलं गप्प.

यलोस्टोनबद्दल लिहायला बसले तर पानं पुरायची नाहीत. ओल्ड फेथफुल हे गरम पाण्याचं कारंजं उडायची वाट बघत हजार माणसं बाकांवर बसलेली आणि ते उडायच्या वेळी आमचा धाकटा टॉयलेटमध्ये, एवढंच सांगते. पुढचं साधारण दीड तासाने.

आता शेवटचं, जे ग्रुपवर कोणालाच आवडणार नाही. ट्रिप संपली, घरी आलो आणि दुसऱ्या दिवसापासून सासू-सासरे पुन्हा घरात बंद. लायब्ररी दोन मैल, फुटपाथ मध्येच संपतो, बस नाही. हेच सासरे सावंतवाडीत पिशवी घेऊन स्टँडवर जातात, पंच्याहत्तरी उलटल्यामुळे एसटी फुकट, कुडाळला जाऊन मित्राला भेटून दुपारी जेवायला परत. सासूबाईंना अर्धं तिकीट. अमेरिकेत गाडी चालवता येत नसेल तर तुम्ही मोठ्या माणसांच्या घरातलं लहान पोर. रस्ते रुंद करता करता आपण स्टँड मरू दिले तर उद्या तिकडेही हेच होणार.

सध्या एसटीच्या जागा खाजगी विकासकांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचं चाललंय, स्टँड चकाचक होणार म्हणे, वर दुकानं. चांगलंय, करा. हायवेच्या टोलचे करार असोत की स्टँडचे, पुतण्याला मी एवढंच काम सांगितलंय, तो वकील आहे, माहितीच्या अधिकारात अर्ज टाक आणि विचार की किती किलोमीटरवर बायकांसाठी चालू टॉयलेट हवं असं करारात लिहिलंय, आणि बंद सापडलं तर ठेकेदाराला दंड किती. अजून टाकलेला नाही. दुसऱ्या कोणी टाकला असेल तर उत्तर मला पाठवा.