कॉल आला नाही, म्हणून ऑफिसच बंद करायचं?

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: "एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजने आजवर कुणाला नोकरी लावली? लाखो बेकार नुसते नोंदवून ठेवले. आता शोधायला मोबाइल आहे. बंद करा ही ऑफिसं." वर्षानुवर्षं नोंदणीचं कार्ड रिन्यू करून एकदाही कॉल, म्हणजे मुलाखतीचं बोलावणं, न आलेल्यांचा राग खरा आहे. दावे मात्र तपासून पाहावे लागतील.

"कुणाला नोकरी लावली?" हे काम कायद्याने त्यांच्याकडे दिलंच नव्हतं. 1945 मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची ही केंद्रं निघाली, 1948 पासून सगळ्यांना खुली झाली. 1959 च्या कायद्याने बंधन घातलं ते एवढंच: सरकारी आस्थापनांनी, तसंच 25 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनी (शेती वगळून) रिकामी जागा भरण्याआधी केंद्राला कळवायची. कळवली म्हणून केंद्राकडूनच माणूस घ्यायची सक्ती नाही, हे त्याच कायद्याच्या कलम 4 मध्ये स्वच्छ लिहिलं होतं. आणि कळवलीच नाही तर? त्या कायद्यात पहिल्यांदा फार तर 500 रुपये दंड होता, पुढे 1000. खटला भरायचा तर तोही अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच. कोणता मॅनेजर घाबरणार होता याला? पुढे 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी भरतीसाठी केंद्राच्या यादीबरोबर वर्तमानपत्रात जाहिरातही द्यावी असं म्हटलं. उमेदवारांच्या दृष्टीने ते न्याय्यच होतं, पण एक्स्चेंजच्या कॉलचं वजन त्याने घटलं. खिडकीवरच्या क्लार्कला शिव्या देऊन यातलं काय बदलणार?

"लाखो बेकार" हेही सैल बोलणं. त्या यादीत शिकणारी मुलं असतात, चांगल्या नोकरीच्या आशेने नाव घातलेले नोकरदारही असतात. उलट, नाव न घातलेला बेकार त्यात दिसतच नाही.

"मोबाइल आहे की." सरकारी सेवाही मोबाइलवर आहे: केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल 2015 पासून, राज्याचं महास्वयम. खासगी पोर्टलचा धंदा मुख्यतः कंपन्यांच्या पैशावर चालतो, त्यामुळे ज्याच्यासाठी कंपनी पैसे मोजते तो उमेदवार तिथे आधी दिसतो. वेल्डर, हेल्पर, पॅकिंगवाली यांची भरती आजही ठेकेदार आणि ओळखीवर चालते. "आधी रजिस्ट्रेशन फी भरा, मग जॉइनिंग लेटर" म्हणणारे ठग याच माणसांना गाठतात. सरकारी रोजगार सेवा फुकट हवी, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1948 चा 88 क्रमांकाचा करार सांगतो. भारताने तो 1959 मध्ये मान्य केला. ब्रिटनमध्येही काम शोधणारे एका गेटवरून दुसऱ्या गेटवर हिंडत. तिथे 1909 मध्ये कायदा करून पुढच्याच वर्षी अशी केंद्रं उघडली.

बंद करण्याची घाई असलेल्यांनी एक गोष्ट पाहिलेलीच नसते. 1959 च्या कायद्याने आस्थापनांना दर तिमाहीला विवरणपत्र भरायला लावलं: किती माणसं कामावर, किती जागा रिकाम्या, कोणत्या कामाला माणूस मिळत नाही. कोणत्या जिल्ह्यात फिटर कमी पडतात आणि कुठे जास्त झाले, हे आयटीआयच्या तुकड्या ठरवणाऱ्याला यातूनच कळायला हवं. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा विषय आलाय, केंद्रांना करिअर सेंटर हे नाव मिळालंय आणि जागा कळवण्याचं बंधन कायम आहे. भांडायचंच तर यावर भांडा: विवरणपत्र न भरणाऱ्याला नोटीस कोण काढतं, आणि आलेले आकडे जिल्ह्याजिल्ह्याने लोकांसमोर का येत नाहीत?