वसाहत बुडवायची आहे? आधी शेतकरी संपवा

‘अॅनो १८००’ हा शहरं आणि व्यापार उभारायचा कॉम्प्युटर गेम को-ऑपमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून एकच साम्राज्य चालवत, खेळणाऱ्या तमाम उत्साही मंडळींसाठी हे मोफत मार्गदर्शन. परवा मी जेवायला उठलो आणि आमच्या एका सहखेळाडूने तेवढ्या वेळात साम्राज्य एकट्याने ‘सांभाळलं’. तेव्हा खालची प्रत्येक युक्ती करून पाहिलेली आहे.

नव्या जगात, म्हणजे गेममधल्या समुद्रापलीकडच्या दुसऱ्या प्रदेशात, बेट निवडताना सुपीकता (तिथे कोणती पिकं येतात ते) बघत बसू नका. किनारा देखणा असला की झालं. कापूस नाही उगवला तर नाही उगवला.

अग्निशमन केंद्र बांधू नका, जागा वाचते.

घराला वरच्या वर्गात नेणारं अपग्रेडचं बटण दिसलं की दाबा. शेतकऱ्याच्या घरात माणसं १०, कामगाराच्या २०, कारागिराच्या ३०. म्हणजे सगळी घरं वर चढवली की लोकसंख्या दुप्पट-तिप्पट, हिशेब सोपा आहे. आता खेळ प्रत्येक वर्गाचे हात वेगळे मोजतो आणि कामगार काही बटाट्याच्या शेतात उतरत नाही, ही क्षुल्लक बाब. मी परत येऊन बघतो तर गल्लीच्या गल्ल्या कामगारांच्या झालेल्या आणि शेतकऱ्यांचा आकडा वजा! मेंढ्यांमागे माणूस नाही, म्हणून लोकर नाही, म्हणून कपडे नाहीत. डुकरांकडे माणूस नाही, म्हणून सॉसेज बंद. डुकरं नाहीत म्हणून चरबी नाही आणि चरबी नाही म्हणून साबणही बंद. सॉसेज आणि साबण लागतो कुणाला? त्याच नव्याकोऱ्या कामगारांना! मिळालं नाही की ते नाराज, त्यांच्याकडून येणारा पैसा आटला, कारखान्यांचा खर्च मात्र चालूच. आणि हे महाशय चॅटमध्ये विचारतात, ‘भावा, पैसे का कमी होतायत?’ का होतायत म्हणजे? अरे, तू शेतकरीच शिल्लक ठेवला नाहीस!

असो. शांतपणे पुढच्या मुद्द्याकडे वळू.

नव्या जगातून इकडे, जुन्या जगात, येणारा व्यापारी मार्ग आखताना जहाजाच्या सगळ्या खणांत रम भरा. स्कूनर या छोट्या जहाजाला खण दोनच, एका खणात ५० टन. दोन्हींत रम. कारागिरांच्या फर कोटाला सुती कापड लागतं आणि ते नव्या जगातूनच येतं, हे विसरून जायचं. इकडचं गोदाम रमने तुडुंब झालं की उरलेली रम पोटात घेऊन जहाज परत तिकडे जातं, खण मोकळा नसतो, म्हणून कापड चढत नाही, आणि ते डौलात दोन गोलार्धांमध्ये फिरत राहतं. बघायला फार छान दिसतं.

इकडून तिकडे जाणारी बाकीची जहाजं रिकामीच सोडा. तिकडच्या ओब्रेरोंना, म्हणजे नव्या जगातल्या वरच्या वर्गाच्या कामकऱ्यांना, बिअर आणि शिवणयंत्रं हवी असतात म्हणे. असू देत.

चाच्यांशी तह करू नका. अॅन हार्लो आणि जाँ ला फॉर्च्युन यांनीही जगायचं कसं?

आणि हो, तिजोरी रिकामी होत असताना चौकात झाडं लावा. आमच्याकडे लावली होती. दुतर्फा. बाकंसुद्धा.

आता उपरोध बाजूला ठेवतो, कारण तो ज्याला कळायला हवा त्याला कळणार नाही. ही व्यापारी वसाहत आहे, लोकसंख्येची शर्यत नाही. खालचा वर्ग पुरेसा उरतोय का हे न बघता वरचा वाढवणं हा निव्वळ बिनडोकपणा आहे. लोकसंख्येचा आकडा मोठा दिसावा म्हणून दुसऱ्याने तासन् तास घालून बसवलेली साखळी मोडायची, वर मार्ग बदलले तर एका ओळीनं सांगायचंही नाही, आणि मग ‘गेम अवघड आहे राव’ म्हणून लॉग आउट करायचं. गेम अवघड नाही. तुम्ही आकडे वाचत नाही. पुढच्या वेळी यायचं असेल तर आधी डुकरं सांभाळायची, मेंढ्या सांभाळायच्या, कापड बंदरात उतरलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. तोवर अपग्रेडला हात लावायचा नाही, आणि झाडांना तर मुळीच नाही.