स्फटिकांच्या आकाराबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

"बारीक स्फटिक म्हणजे चांगला मॅल्डी स्पेक्ट्रम, हे पुस्तकी ज्ञान आहे; ज्याने प्लेटवर कधी थेंब टाकलाय तो असं लिहिणार नाही," असं तुम्ही माझ्या लेखावर लिहिलंत. (मॅल्डी म्हणजे नमुना मॅट्रिक्स नावाच्या, लेसर शोषणाऱ्या पदार्थात मिसळून थेंब वाळवायचा, त्या स्फटिकांवर लेसर मारायचा आणि सुटलेल्या आयनांचं वस्तुमान मोजायचं; स्पेक्ट्रम हा त्याचा आलेख.) मतभेद जरूर असावा, पण पहिल्याच वाक्यात समोरच्याची लायकी काढायची ही कुठली रीत?

पीएचडीची वर्षं मी डीएचबी या मॅट्रिक्सच्या सुया धुंडाळण्यात घालवली आहेत. थेंब वाळला की काठाला लांब सुया, मध्ये बारीक कण. सुईवर लेसरचा नेम बसला की पेप्टाइडचा (प्रथिनाच्या तुकड्याचा) पीक, म्हणजे आलेखातला सुळका, उसळतो, जरा सरकलं की गायब. तेव्हा मोठ्या स्फटिकावरूनही जोरदार सिग्नल मिळतो, हे मला सांगायची गरज नव्हती. मी लिहिलं होतं ते सिग्नलच्या जोराबद्दल नव्हतंच, तो पुन्हा तसाच मिळण्याबद्दल होतं. लेख नीट वाचला असता तर हे दिसलं असतं.

लेसरचा ठिपका साधारण ५० ते १०० मायक्रोमीटरचा. स्फटिकही तेवढेच असले तर ठिपक्यात एखादाच सापडतो, आणि दर वेळी वेगळा. तेच काही मायक्रोमीटरचे असतील तर एका ठिपक्यात शेकडो येतात आणि सरासरी आपोआप निघते. शिवाय अक्षीय टॉफमध्ये, म्हणजे आयन प्लेटवरून सरळ पुढे सोडून त्यांच्या उड्डाणाच्या वेळेवरून वस्तुमान काढणाऱ्या यंत्रात, जाड स्फटिकाच्या माथ्यावरून सुटलेला आयन आणि पायथ्याशी सुटलेला आयन यांची सुरुवातच वेगळ्या जागी होते. पीक रुंदावतो, वस्तुमान सरकतं. आयन सोडायला जरा उशीर केला की सुरुवातीच्या वेगांतला फरक बराच सावरतो. उंचीचा फरक त्याने पुरता निस्तरत नाही. व्होर्म, रोपस्टॉर्फ आणि मान यांनी १९९४ मध्ये ॲसिटोनमधून झटपट वाळणारा मॅट्रिक्सचा पातळ थर वापरला, तो काय हौस म्हणून?

आयनांना आडवं ढकलणाऱ्या ऑर्थोगोनल टॉफमध्ये उंचीचा मुद्दा गौण ठरतो, हे मान्य. तेवढी ओळ लेखात घालतो.

लेसरची तरंगलांबी ३३७ की ३५५ नॅनोमीटर, नमुन्यातलं मीठ वगैरे तुमचे बाकीचे मुद्दे या लेखाचा विषयच नाहीत. त्यांत शिरत नाही.

पुढच्या वेळी स्पेक्ट्रा घेऊन या. निवडून काढलेला एक ठिपका नको, एकाच थेंबावरचे शेजारशेजारचे दहा हवेत.