दोन-दोन क्रेडिटच्या चिंध्या

एनईपीवर, म्हणजे नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणावर, आमच्या स्टाफरूममध्ये जो वाद चालतो तो बहुतेक चुकीच्या मुद्द्यावर चालतो असं माझं मत झालंय. एक गट म्हणतो, मुख्य विषयाचं वाटोळं केलं. दुसरा म्हणतो, काळाची गरज आहे, बदलायला हवं. मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या संलग्न महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो आणि मला दोन्ही गटांत बसता येत नाही.

एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयातला आराखडा आठवा. पहिल्या सत्राला २२ क्रेडिट, त्यातले मुख्य विषयाला ६. उरलेल्या १६ मध्ये ओई (खुला ऐच्छिक विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवृद्धी), एईसी (भाषा-क्षमता), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), सीसी (सहअभ्यासक्रम). पुढे त्यात फेरबदल झाले, पण सांगाडा तोच राहिला. 'सोळा क्रेडिट फुकट गेले' अशी ओरड झाली. माझी त्या सोळाबद्दल तक्रार नाही. बी.एस्सी.च्या मुलाने अर्थव्यवस्था समजून घ्यावी, बी.ए.च्या मुलीला टक्केवारी आणि सरासरी यांतली लबाडी ओळखता यावी, हे मला मनापासून हवं आहे. विद्यापीठ शिक्षणावरच्या राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात सामान्य, म्हणजे इतर शाखांचीही ओळख देणाऱ्या, शिक्षणाची बाजू मांडली होती, म्हणजे मागणी आमच्यापेक्षा वयाने मोठी आहे. माझी तक्रार आहे ती या सोळाच्या दोन-दोनच्या चिंध्या केल्या त्याबद्दल.

दोन क्रेडिट म्हणजे ३० तास. त्यातून लांबलेले प्रवेश, गणपती, अंतर्गत चाचणी, युवा महोत्सवाच्या तालमी आणि एखादी नॅकच्या मूल्यांकनाची धावपळ वजा करा. हातात जे उरतं त्यात कुठल्याही विषयाची फक्त ओळख होते, आणि अशा सात-आठ ओळखी एका सत्रात. गोधडी चिंध्यांचीच असते हे खरं, पण ती शिवायला कोणीतरी बसावं लागतं. इथे शिवणारा कोणी नेमलेलाच नाही.

ओईचंच घ्या. ओई दुसऱ्या विद्याशाखेतलाच घ्यायचा, हा नियम मला या सगळ्या रचनेतला सर्वांत चांगला नियम वाटतो. पण अंमलात काय येतं? अभ्यास मंडळात पेपर ठरवताना विद्यार्थ्याला काय यायला हवं हा प्रश्न शेवटी निघतो, निघाला तर. आधी निघतो तो वर्कलोडचा. कुठल्या विभागाचे तास कमी पडतात, कोणाची जागा धोक्यात आहे, कोणता पेपर दिला तर तास भरतील. हे म्हणताना कोणाला हिणवायचं नाहीये. पदभरती वर्षानुवर्षं रखडलेली असताना माणूस आपले तास वाचवणारच. पण त्यातून निघतात ते जुन्याच पेपरचं पहिलं प्रकरण काढून, वर नवं नाव चिकटवलेले ओई. आणि विद्यार्थी निवडतो म्हणे! निवडतं ते वेळापत्रक. मंगळवारी साडेअकराला जो वर्ग रिकामा आणि जो सीएचबीवाला, म्हणजे तासिका तत्त्वावरचा शिक्षक, मोकळा, तो त्याचा ओई.

पूर्वीचे अनुभवही याच जातीचे आहेत. पर्यावरण हा विषय महाविद्यालयांत सक्तीचा झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशाच्या पाठबळावर. हेतू उत्तम. आज किती पदवीधरांना आपल्या गावाचं सांडपाणी कुठे जातं ते सांगता येईल? प्रोजेक्ट मात्र प्रत्येकाने केलेला असतो, झेरॉक्सच्या दुकानातून.

मग करायचं काय? माझ्या डोक्यात एक उदाहरण बरेच दिवस घोळतंय.

पैसेवारी. म्हणजे नेहमीच्या पिकाला रुपया धरला तर यंदाचं पीक किती पैसे, हा गावाचा सरकारी अंदाज. आमच्याकडच्या प्रत्येक मुलाने हा शब्द घरी ऐकलेला असतो. पन्नास पैशांच्या आत लागली की गावाला दिलासा, वर लागली की चावडीवर आरडाओरडा. दुष्काळ जाहीर झाला की सवलतींच्या यादीत परीक्षा शुल्काची माफीही असते, म्हणजे याच मुलांच्या खिशाशी थेट संबंध. आता हा एक प्रश्न घेऊन ६० तासांचा, चार क्रेडिटचा एक पेपर बांधा.

उत्पादन मोजायला शेताचा एक तुकडा कापून पाहतात, त्या पीक कापणी प्रयोगात शेत कसं निवडतात, तुकडा केवढा घेतात, तिथे संख्याशास्त्र आलं. आणि केवढं रंगतदार! तुकडा लहान घ्यावा की मोठा यावर महालनोबिस आणि आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांत गाजलेला वाद आहे. तुकडा फार लहान घेतला तर कडेची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन फुगतं, हा सुखात्म्यांचा मुद्दा. कडेचं रोप आत की बाहेर, एवढ्यावरून एकरी आकडा हलतो आणि त्या आकड्यावर पीकविमा ठरतो, हे बांधावर उभं राहून पाहिलेला मुलगा पुढे कुठल्याही सर्वेक्षणाचा आकडा डोळे मिटून गिळणार नाही. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ असे निकष आणले, तिथे भूगोल आणि भौतिकशास्त्र. १९७२ चा दुष्काळ, रोजगार हमीचे जनक वि. स. पागे आणि त्यांची योजना, तिथे इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र. २०२३ मध्ये आधी ४० तालुक्यांतच दुष्काळ का जाहीर झाला आणि शेजारच्या तालुक्यात का नाही, यावर वर्गात भांडण होऊ द्या. आयकेएस हवंय? उत्तर महाराष्ट्रातल्या पांझरा आणि मोसम नद्यांवरची फड ही सिंचनाची जुनी पद्धत घ्या. बंधाऱ्याचं पाणी फडांना पाळीने कसं द्यायचं, कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं हे गावाने मिळून ठरवायचं, हे ज्ञान नावांची यादी पाठ करण्यापेक्षा कितीतरी भरीव आहे. आणि मराठीच्या शिक्षकाने शासन निर्णयाचा एक परिच्छेद सोपा करून लिहायला लावावा. ते जमलं तर एईसीचेही दोन क्रेडिट द्यायला माझी हरकत नाही.

खरीप आणि पहिलं सत्र बऱ्यापैकी बरोबरच चालतं, त्यामुळे प्रात्यक्षिकाला शेत समोर आहे. मुंबईतल्या महाविद्यालयाने पैसेवारी घेऊ नये हे उघड आहे. त्यांनी लोकल घ्यावी, मिठी नदी घ्यावी, भाडेकरू कायदा घ्यावा. कोकणात मासेमारी बंदीचा काळ आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की शिकवणार कोण. दोन विभागांचे दोन शिक्षक मिळून, हे माझं उत्तर. आणि इथेच खरी अडचण आहे, ती पैशांची वाटते पण आहे नियमाची. दोघे वर्गात एकत्र उभे राहिले तर तास कोणाच्या नावावर लावायचे? बहुतेक ठिकाणी अर्धे-अर्धे. म्हणजे एकत्र शिकवणाऱ्याचा वर्कलोड घटतो. जो नियम सहकार्याला दंड लावतो तो असताना आंतरविद्याशाखीय अधिष्ठाता नेमून काय साधणार? दोघांनाही पूर्ण तास धरा, एवढा एक बदल शासनाने केला तर मी बाकीचं सगळं परिपत्रक गोड मानून घेईन.

दुसरा बदल आमच्याच हातात आहे. ओईसारखे पेपर आज सरसकट सीएचबीवरच्या नव्या मुलामुलींच्या गळ्यात मारले जातात आणि ज्येष्ठ प्राध्यापक तृतीय वर्षाचा स्पेशल विषय धरून बसतात. उलट हवं. ज्याला विषय पुरता पचलाय त्यालाच तो दुसऱ्या शाखेच्या मुलांना सोप्या भाषेत सांगता येतो. विभागप्रमुख मंडळी रागावतील, चालेल.

परीक्षेला चाळीस वस्तुनिष्ठ प्रश्न नकोत. एकच प्रश्न पुरे : तुमच्या गावची नजरअंदाज (उभं पीक पाहून काढलेली प्राथमिक) पैसेवारी किती लागली, ती तुम्हाला पटते का, पटत नसेल तर तहसीलदारांना कारणांसह अर्ज लिहा. याचं गाईड छापायचं तर छापणाऱ्याला गावोगाव हिंडावं लागेल.