पणजोबांच्या मुंबईत माणसं कशानं मरत होती?

घरच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. या वेळी काकांनी टाकला. वर पगडीतल्या एका तुकतुकीत आजोबांचा फोटो, खाली मजकूर: "शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत ना बीपी, ना शुगर, ना हार्ट अटॅक. शुद्ध हवा, विहिरीचं गोड पाणी, घरचं तूप. लोक सहज नव्वदी गाठायचे. दवाखाने वाढले, लसी आल्या आणि आयुष्य घटलं." काका वडीलधारे, म्हणून तिथे नमस्काराचा हात टाकून गप्प बसलो. इथे मात्र एकेक मुद्दा घेतो.

"सहज नव्वदी गाठायचे." काही जण गाठायचे, कोण नाही म्हणतंय? दादाभाई नौरोजी 91 वर्षं जगले, महर्षी कर्वे 104. पण 1901 ते 1911 या दशकात हिंदुस्थानातलं सरासरी आयुर्मान 23 वर्षांच्या आसपास होतं. पुढच्या दशकात, इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर, ते 20 वर आलं. यावरून लोक विशीतच म्हातारे होऊन जायचे असं मात्र समजू नका, तीही चूकच. दहा पोरांतली पाच पोरं एका वर्षाच्या आत गेली आणि उरलेली पाच साठीपर्यंत जगली, तर सरासरी तिशीच्या घरात येते. फोटो निघतो तो साठीवाल्याचा. वर्षाच्या आत गेलेल्याचा फोटो कोण काढणार?

आमच्याकडे पणजोबांची एक वही आहे. तिच्यात पोरांचे जन्म तिथीवार लिहिलेत. अकरा नोंदी. सात नावांपुढे बारीक अक्षरात एकच शब्द: "वारले". दोघांचं तर बारसंही झालं नव्हतं, नुसतं "मुलगा" लिहिलंय. त्यानंतर जे पोर झालं त्याचं नाव ठेवलं धोंडू. का, ते जुन्या माणसांना विचारा. धोंडू, दगडू, भिकू, केरू ही नावं हौसेची नव्हेत. आधीची पोरं गेलेल्या घरात मृत्यूची नजर चुकवायला ठेवलेली आहेत. श्रावणात देवघरात जिवतीचा कागद लावतात तो कशासाठी, हेही काकांनी आठवून पाहावं.

आता खास मुंबईचं बोलू. 1921 साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आतली सुमारे 667 बाळं दगावली. हा आकडा थोडा फुगलेला आहे, कारण कितीतरी बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर माहेरी जायच्या: जन्माची नोंद तिकडे आणि बाळ दगावलं तर मरण मुंबईच्या खात्यावर. ते धरलं तरी त्याच आकड्यांची फोड बघा. एका खोलीत राहणाऱ्यांत हजारी 828, चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत 133. शहर एकच, तूपही असेल तर एकाच बाजारातलं. फरक खोल्यांचा आणि त्यामागच्या पैशाचा. आणि तेव्हा शहरातले सुमारे दोन तृतीयांश लोक एकाच खोलीत राहत होते.

"शुद्ध हवा." गिरणगावात? धुराचा उपद्रव आवरायला मुंबईसाठी 1912 साली वेगळा कायदा करावा लागला होता. तो काही हौस म्हणून केला नव्हता. चाळीच्या खोलीत चूल, तिथेच माणसं झोपलेली, खिडकी असली तर गल्लीत उघडणारी. अशा घरांत क्षय मुक्कामालाच असायचा. आणि तो चाळीपुरताच थांबला असंही नाही. राम गणेश गडकरी 33 व्या वर्षी क्षयानंच गेले.

"विहिरीचं गोड पाणी." हा मुद्दा तर मला फारच आवडतो. 1911 च्या सुमारास डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा शोध घेतला, तेव्हा डासांचं मूळ सापडलं ते घराघरांतल्या विहिरींत. विहिरी झाका किंवा बुजवा म्हटल्यावर धर्मात ढवळाढवळ म्हणून केवढा गलका झाला!

"बीपी, शुगर, हार्ट अटॅक नव्हते." गोपाळ कृष्ण गोखले 1915 साली 48 व्या वर्षी गेले, त्यांना मधुमेह होता. तोही वैद्यांचा जुना ओळखीचा, नवा पाहुणा नव्हे. इतरांचं म्हणाल, तर मोजल्याशिवाय बीपी सापडणार कसा? बहुतेकांना शेवटपर्यंत डॉक्टर दिसत नसे. मागे राहिलेले सांगतील ते कारण नोंदलं जाई आणि ढिगानं मरणं "ताप" या एका शब्दाखाली जात. प्लेगच्या दिवसांत तर घरचे लोक कारण लपवायचेच, कारण कळलं की माणसं उचलून कॅम्पात नेत आणि सामान जाळत. शिवाय हृदयविकार आणि कॅन्सर हे बहुतांशी उतारवयाचे आजार. त्या वयापर्यंत पोचायला आधी पटकी, देवी, हगवण आणि प्लेग यांतून सुटावं लागे.

राहिल्या लसी. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला. शहर रिकामं होऊ लागलं. 1891 च्या जनगणनेत सव्वाआठ लाखांच्या घरात असलेली मुंबई 1901 साली पावणेआठ लाखांवर आली. त्यात मेलेले आणि पळालेले दोन्ही आले. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञानं 10 जानेवारी 1897 ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. म्हणजे साथ आधी, लस नंतर. मेसेजात हा क्रमच उलटा झालाय. इन्फ्लुएंझावर तर लस नव्हतीच. 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवसात मुंबईत 768 माणसं गेली.

एक गोष्ट मात्र काकांच्या बाजूनं सांगतो. सगळं श्रेय दवाखान्यांना देणंही खोटं ठरेल. मुंबईतला प्लेग अँटिबायोटिक येण्याच्या कितीतरी आधी ओसरला होता. आणि बसून बसून पोट सुटलेल्या आम्हा पोरांना काका बोलतात तेही रास्तच. त्यांनी चालायला सांगावं, आम्ही चालू. पण पुढच्या वेळी तो पगडीवाला फोटो टाकताना शेजारी वहीतलं ते पानही टाकावं. मी स्कॅन करून ठेवलंय.