एलएसयू २०१९: बिनतोड, पण अगदीच नाही
अमेरिकन फुटबॉलवरच्या एका लेखात एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) या कॉलेज टीमच्या २०१९च्या ऑफेन्सला, म्हणजे आक्रमणाला, ‘बिनतोड’ म्हटलंय. आकडे तसेच आहेत म्हणा: क्वार्टरबॅक (पास फेकणारा) जो बरोचे ६० टचडाउन पास (गोलरेषेपार गुण मिळवून देणारे), सीझन १५-०, म्हणजे पंधराही मॅच जिंकल्या. पण ऑबर्न या दुसऱ्या कॉलेज टीमविरुद्धची मॅच परत बघा, एलएसयूवाले जेमतेम २३-२०ने सुटले. ऑबर्नने बचावात पुढच्या रांगेत तिघेच लावले, मागे एक लाइनबॅकर (मधल्या फळीतला बचावपटू) आणि तब्बल सात डिफेन्सिव्ह बॅक (पास अडवणारे मागचे बचावपटू). एलएसयूचे पाच रिसीव्हर (पास झेलणारे) पसरले तरी त्यांना कव्हर करायला आठ जण, मग लांब पासला फट कुठून मिळणार? यावर उतारा एकच, बॉल हातात देऊन पळवणं. एलएसयूच्या रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) एडवर्ड्स-हेलेअरने तेच करून १३६ यार्ड काढले. तरी गोलरेषेजवळ गाडी अडतेच, कारण तिथे बचावाच्या मागे फारसं मैदानच उरत नाही आणि रिसीव्हरचा वेग वाया जातो.