फळमाशीच्या भ्रूणाची घडी पडताना पेशी चालत जात नाहीत

फळमाशीच्या भ्रूणाच्या व्हिडिओंखाली हमखास दिसणारं विधान: ‘रासायनिक संदेश पेशींना कुठे जायचं ते सांगतात, त्या तिकडे चालत जातात आणि विभाजन होत होत ऊती लांबते.’ भ्रूणाची पहिली घडी पडते आणि तो लांबतो, त्या टप्प्याबद्दल यातला एकही भाग टिकत नाही.

‘चालत जातात.’ अंडं घातल्यावर 25 अंश सेल्सिअसला साधारण 3 तासांनी सुमारे 6000 पेशी एकाच थरात असतात, कॅडहेरिन या चिकटवणाऱ्या प्रथिनाच्या जोडांनी एकमेकींना घट्ट धरून. पोटाकडच्या पेशी आपलं बाहेरचं टोक आवळतात, पाचरीसारख्या होतात आणि अख्खा पट्टा आत दुमडतो. (अंडाशयातल्या सीमापेशी मात्र खरोखर संदेशाच्या मागावर सरकतात. ते उदाहरण इथे लागू नाही.)

‘संदेश कुठे जायचं ते सांगतो.’ मुख्य घोळ इथे आहे. ट्विस्ट जनुकामुळे पोटाकडच्या पेशी फॉग हे प्रथिन बाहेर सोडतात. मिस्ट आणि स्मॉग हे ग्राही (संदेश पकडणारी पेशीवरची प्रथिनं) ते पकडतात. पुढे कॉन्सर्टिना, ऱ्हो-जीईएफ-2, ऱ्हो-1, ऱ्हो-कायनेज अशी प्रथिनांची साखळी चालते आणि मायोसिन हे ओढ लावणारं प्रथिन बाहेरच्या टोकाशी जमून ॲक्टिनच्या धाग्यांची जाळी आवळतं. मुक्कामाचा पत्ता यात कुठेच नाही. फॉग सगळीकडे बनवायला लावलं, तर इतर पेशींतही मायोसिन बाहेरच्या टोकाला येतं. फॉग काढून टाकलं, तरी पोटाची घडी पडतेच, पण उशिरा आणि वेडीवाकडी, कारण टी48 हे दुसरं प्रथिन ऱ्हो-जीईएफ-2ला टोकाशी आणत राहतं. पेशी रुंदीच्या दिशेने जास्त आवळतात, कारण भ्रूण लांबट असल्याने लांबीच्या दिशेने ताण जास्त असतो.

‘विभाजनाने लांबते.’ स्ट्रिंग जनुक बिघडलेल्या भ्रूणात या टप्प्यावरची विभाजनं थांबतात, तरी जर्मबँड (पुढे धड बनणारा पेशींचा पट्टा) लांबतो. ईव्ह आणि रंट जनुकं टोल-2, 6 आणि 8 हे ग्राही पट्ट्यापट्ट्यांनी मांडतात. त्यानुसार लांबीला आडव्या पेशीकडांवर मायोसिन जमतं, त्या कडा आखडतात आणि पेशी शेजारी बदलतात. पोटाच्या घडीत तर लवकर विभाजन घातकच: ट्रिबल्स जनुक नसलं की पेशी वेळेआधी विभागू लागतात आणि घडी नीट आत जात नाही.

हे स्वतः तपासायचं असेल, तर कवच काढायला निम्मं पाणी मिसळलेलं (50 टक्के) घरगुती ब्लीच साधारण 2 मिनिटं पुरे, नंतर पाण्याने भरपूर धुवा. ब्लीच जास्त वेळ राहिलं तर भ्रूण खराब होतो. हॅलोकार्बन तेलाखाली, हवा आरपार जाणाऱ्या पडद्यावर ठेवा, कारण प्राणवायू कमी पडला की हालचाल थांबते. सूक्ष्मदर्शकाचा लेझर प्रखर असला तरी तेच होतं, आणि दोष संदेशाचा वाटतो. म्हणून त्याच सेटिंगवर निरोगी भ्रूण आधी चित्रित करा.